देवीदास सोमकुंवरची अणुबॉम्बची तालीम

देवीदास सोमकुंवरला नागपूरच्या शिबिराला पाठवलं, ते त्याच्या अंगी काही गुण होते म्हणून नव्हे. कचेरीत ज्यांच्या अंगी गुण होते, त्या सगळ्यांना नेमकं त्याच वेळी काही ना काही काम निघालं. एकाची पाठ धरली, दुसऱ्याच्या सासऱ्याची तेरवी आली, तिसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत माकडं शिरली. राहता राहिला देवीदास. तो सौंसरच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होता. सकाळी व्हॉल्व उघडायचा, दुपारी बंद करायचा आणि उरलेल्या दिवसात कोणाला आपण दिसणार नाही अशा बेताने राहायचा.

"अणुबॉम्बचं शिबिर हाय," बडेबाबू यशवंतराव म्हणाले. "नागरी संरक्षण म्हणतात त्याले. जेवण फुकट."

"मले काय समजते बाबूसाहेब त्यातलं?"

"समजणाऱ्यालेच पाठवा, असं कोणी म्हटलंच नाही."

हे देवीदासला पटलं. त्याला बहुतेक गोष्टी पटत. शिवाय नागपूरला त्याची लेक होती. सुमन नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, होस्टेलात राहायची. जेवण फुकट आणि वर लेकीची भेट, एवढ्यासाठी अणुबॉम्ब ऐकून घ्यायला काय हरकत होती?

शिबिरात पहिले काही दिवस बरे गेले. आग कशी विझवायची, जखमीला खाटेवरून कसं न्यायचं, तिकोनी पट्टी कशी बांधायची, हे सगळं शिकवलं. पट्टी बांधण्यात देवीदासचा नंबर चांगला लागला, कारण त्याला मिळालेला जखमी कामठीचा एक हट्टाकट्टा शिक्षक होता आणि त्याला काहीच झालेलं नव्हतं. मग एक निवृत्त मेजर आले. ते म्हणाले, आता बॉम्ब टाकायला विमान लागेलच असं नाही. उद्या एखादी माथेफिरू टोळी तो तुकड्या-तुकड्यांनी शहरात आणील, भाड्याच्या खोलीत जुळवील आणि शेजाऱ्यालाही पत्ता लागणार नाही. एवढं बोलून त्यांनी फळ्यावर नागपूर काढलं आणि त्यावर खडूने एकात एक गोल काढले. पहिल्या गोलातलं काही उरणार नाही. दुसऱ्यातलं थोडं उरेल. तिसऱ्यातली माणसं मिळेल त्या वाटेने बाहेर पळतील.

देवीदास पहिल्या गोलाकडे पाहत राहिला. सुमनचं होस्टेल त्याच्या अगदी पोटात होतं.

आयुष्यात त्याने कोणाला भर सभेत प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याचा हात अर्धा वर गेला. त्याला विचारायचं होतं, "सर, हा गोल जरा कामठीकडे सरकवता येईल का?" पण शेजारी कामठीचा तो शिक्षकच बसला होता. देवीदासने वर गेलेल्या हाताने कान खाजवला आणि खाली घेतला.

परतीच्या बसमध्ये बसला तेव्हा त्याच्या पायाशी, सीटखाली, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड दिसलं. कोणाचं ते कोणीच सांगेना. त्याला एक विचित्र वासही आला. मेजरांनी सांगितलं होतं, बेवारस वस्तू दिसली की आरडाओरडा करू नका, शांतपणे इतरांना सावध करा. देवीदासने यातलं पहिलं पाळलं. दुसरं करायला तोंडातून शब्द निघेना. सावनेरला तो गुपचूप उतरला, बस पुढे जाऊ दिली आणि भरलेल्या बसमधल्या साऱ्या माणसांना मरायला सोडून आपण एकटे वाचलो, या लाजेने पुढच्या बसची वाट पाहत बसला. संध्याकाळी सौंसरला पोचला, तर यशवंतराव स्टँडवरच भेटले.

"काय हो सोमकुंवर, तुम्ही मागून येऊन राहिले आणि तुमचं सामान पुढे? ब्लीचिंग पावडरचा डबा कंडक्टरने कचेरीत टाकून देल्ला."

टाकीसाठी ब्लीचिंग पावडर आणायला देवीदासलाच सांगितलं होतं. दुकानाच्या हमालाने डबा गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवला, तेव्हा देवीदास चहा पीत होता. पुढे तो ही गोष्ट स्वतःच लोकांना सांगायचा. म्हणायचा, "दुनियेत लोक दुसऱ्याच्या बॉम्बले भेतात. मी आपल्याच पावडरीले भेलो."

पण त्या खडूच्या गोलाबद्दल तो कोणाशी बोलला नाही. बायकोशीही नाही.

दिवाळीच्या सुट्यांत सुमन घरी आली. सुट्या संपल्या तरी देवीदास तिला जाऊ देईना. एक दिवस म्हणाला, बसले लय गर्दी हाय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, हवा बरी नाई. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, "आज अमावास्या हाय, आज नको जाऊ."

त्याची बायको वत्सला चुलीपुढून उठून दारात आली. "काय म्हणले? अमावास्या? ते त दिवाळीलेच झाली! बाबासाहेबाच्या फोटोखाली बसून अमावास्या पाहून राहिले? उद्या कुंडली पाहान!"

"तसं नाई वं..."

"मंग कसं? पोरीच्या मॅडमनं सांगतलं हाय, सोमवारी हजर नाई झाली त परीक्षेले बसू देनार नाई. तीन वर्सं काहून शिकवलं तिले? येथं तुमच्यासंगं नळाची तोटी फिरवाले?"

मग देवीदासला गोलाचं सांगावं लागलं. खडू नव्हता म्हणून त्याने जमिनीवर ज्वारीच्या दाण्यांनी नागपूर मांडलं. सुमनने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, होस्टेल येथं नाई. ते स्टेशनाच्या अंगाले हाय." तिने एक दाणा उचलून थोडा बाजूला ठेवला. तो तरीही पहिल्याच गोलात राहिला.

"मले परीक्षा द्याची हाय, बाबा."

"रविवारची तालीम पाय. मंग तूच म्हणशीन, मी नाई जात."

तालीम ही देवीदासचीच कल्पना होती. छिंदवाड्याच्या जिल्हा कचेरीतल्या साहेबांनी शिबिरातून आलेल्यांची एक बैठक बोलावली. तिथे देवीदास मान खाली घालून पुटपुटला की सौंसरवर कोणी बॉम्ब टाकणार नाही, सौंसरला तेवढी किंमत नाही. पण नागपुरात काही झालं तर तिथली माणसं पांढुर्ण्याला आणि सौंसरलाच येतील. त्यांची सोय आधी करून ठेवावी. साहेबांना वाटलं, हा माणूस खोल आहे. तो खोल नव्हता, भ्यालेला होता. दोन्हींत माणूस कमी बोलतो, म्हणून फसगत होते.

साहेबांच्या सांगण्यावरून तो पांढुर्ण्यालाही जाऊन आला. तिथल्या स्टेशनवरच्या बाबूंना त्याने विचारलं, नागपूरची माणसं गाडी भरभरून इथे उतरली तर बसवाल कुठे? बाबू म्हणाले, "अहो, आता जे बसून राहिले, त्याइलेच बाक नाई. थोडे तिगावच्या ठेसनावर उतरवा ना!" देवीदासने "होय, तसं करू," म्हटलं, जणू काही गाड्या त्याच्या शब्दावर थांबत होत्या.

रविवारची योजना अशी होती: सकाळी भोंगा वाजेल. भोंगा वाजला की प्रत्येकाने घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, फटींना ओली फडकी लावायची. मग होमगार्डचे जवान नागपूरहून पळून आलेली माणसं बनून येतील आणि देवीदास त्यांना शाळेत नेऊन बसवील. गावात तीन दिवस दवंडी फिरली. गल्लीतली पोरं देवीदासला पाहून धुळीत पालथी पडायची आणि बाया नळावर म्हणायच्या, "अवं बाई, घागर झाक, बॉम्बवाला आला."

भोंग्यासाठी देवीदासने गावातल्या शेठजींच्या जुन्या जिनिंगचा, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, वाफेचा भोंगा मागून घेतला. सौंसरात तेवढा मोठा आवाज दुसऱ्या कशाचा नव्हता. बॉयलरवाला सुखदेव आनंदाने तयार झाला. "आपल्याले काय," तो म्हणाला, "उद्या पेटवाचा तो आज पेटवून टाकतो." जिनिंग त्या हंगामात अजून सुरू व्हायची होती. आणि हंगामात पहिल्यांदा बॉयलर पेटवायचा म्हणजे नारळ फोडल्याशिवाय सुखदेव काडी ओढत नसे. त्याने नारळ फोडला, फाटकाला आंब्याचं तोरण बांधलं आणि बॉयलरला हळदकुंकू लावलं. देवीदास सकाळी तिथे जाऊन हे सगळं पाहून आला. त्याला ते शोभिवंत वाटलं. साहेब येणार होते, तोरण असलेलं बरंच, असा त्याने विचार केला.

त्याचा बाप याच जिनिंगमध्ये गाठी बांधायचा. हंगामाचा पहिला भोंगा म्हणजे काय, हे सौंसरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. त्या भोंग्यानंतर जी बैलबंडी पहिल्यांदा कापूस घेऊन फाटकात शिरेल, तिच्या मालकाला शेठजी टोपी आणि नारळ देत आणि त्या कापसाला मुहूर्ताचा, सगळ्यांत चढा भाव मिळे. शेतकरी आदल्या दिवसापासून बंड्या भरून गावाबाहेरच्या बागांत कान लावून बसत. देवीदासच्या डोक्यात मात्र त्या दिवसांत फक्त एक खडूचा गोल होता. दवंडी त्याने गावातल्या गावात फिरवली. गावाबाहेर कोण कशाची वाट पाहत बसलं आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

भोंगा वाजला. सुखदेवने जीव ओतून वाजवला. चौकात पांढरं हेल्मेट घालून, गळ्यात शिटी आणि हातात लाल झेंडी घेऊन देवीदास उभा होता. बाजूला साहेब खुर्चीवर बसले होते, त्यांच्यामागे यशवंतराव उभे होते. आणि काय सांगावं, दारं धडाधड लागली! पानठेल्याची फळी पडली, हलवायाने जिलेबीवर परात झाकली, एक म्हातारी ओट्यावर वाळत घातलेली डाळ तशीच टाकून आत पळाली. रस्ता निर्मनुष्य झाला. देवीदासला असं कधी वाटलं नव्हतं. आपण काही बोललो आणि सगळ्या गावाने ऐकलं! त्याने समोरच्या आपल्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. फटीतून सुमन पाहत होती. पाय, म्हणत होता तो मनात, पाय तुझा बाप.

"वा, सोमकुंवरजी," साहेब म्हणाले. "बहुत बढिया."

तेवढ्यात रामाकोन्याच्या रस्त्याने धूळ उठली.

साहेबांना वाटलं, ही ठरलेली माणसं आली. देवीदासलाही क्षणभर तसंच वाटलं आणि होमगार्डने एवढी धूळ कशी उडवली याचं त्याला कौतुक वाटलं. मग धुळीतून शिंगं दिसली. एक बंडी, तिच्यामागे दुसरी, तिच्या बाजूने पुढे घुसणारी तिसरी. प्रत्येकीवर घराएवढा कापूस. वर उभे राहून शेतकरी बैलांच्या शेपट्या पिळत होते, एकमेकांना आई-बहिणीवरून हाका मारत होते. लोधीखेड्याच्या बाजूनेही तशीच धूळ दिसू लागली.

पहिल्या बंडीवर रामाकोन्याचे नत्थूजी होते. देवीदास रस्त्याच्या मधोमध आडवा झाला आणि झेंडी हलवू लागला.

"नत्थूजी, थांबा! घरात चला! अणुबॉम्ब हाय!"

"बॉम्ब मांगून पाहू बावा!" नत्थूजी वरून ओरडले. "पयला नंबर माहा हाय! हट बाजूले!"

देवीदासने शिटी फुंकली. शिबिरात शिकवलं होतं तशी, लांब आणि तीन वेळा. नत्थूजींच्या बैलांनी अशी शिटी आणि अशी टोपी जन्मात पाहिली नव्हती. डावा बैल बिचकला, उजव्याला घेऊन नालीकडे वळला, चाक नालीत गेलं आणि बंडी कलंडली. कापूस चौकात सांडला, साहेबांच्या खुर्चीपर्यंत आला. नत्थूजी त्या कापसावर पडले म्हणून वाचले, पण पाय चाकाच्या लोखंडी धावेला घासून नडगी फाटली. पांढऱ्या कापसावर रक्त उतरू लागलं.

आता देवीदासची वेळ होती. तिकोनी पट्टी त्याच्या खिशात होती, घडी घातलेली. त्याने ती काढली, दोन पावलं पुढे गेला, रक्ताकडे पाहिलं आणि रस्त्यातच खाली बसला. शिबिरातल्या त्या कामठीच्या शिक्षकाला रक्त निघालं नव्हतं, हे त्याला आत्ता आठवलं.

समोरचं दार उघडलं. धोका टळल्याचा भोंगा अजून झाला नव्हता, दारं उघडायची मनाई होती, तरी सुमन अनवाणी धावत आली. तिने बापाच्या हातातली पट्टी ओढून घेतली, नत्थूजींच्या नडगीवर दाबून धरली.

"काका, हलू नका. साहेब, यांचा पाय वर धरा. असा नाई, आणखी वर."

छिंदवाड्याच्या साहेबांनी पाय वर धरला. यशवंतरावांनी न सांगता दुसरा धरला, त्याला काही झालेलं नव्हतं तरी.

"आणि बाबा, तुम्ही डोकं गुडघ्यात घाला. उठू नका."

देवीदासने डोकं गुडघ्यात घातलं. तिथून त्याला सुमनचे पाय तेवढे दिसत होते, धुळीने भरलेले, घट्ट रोवलेले. घरात हीच पोरगी पालीला भिऊन किंचाळते.

"पोरी," नत्थूजी विव्हळत म्हणाले, "पायाचं राहू दे. फाटकात पयला कोण गेला ते पाय. आणि नारळ कोठी हाय?"

नारळ सकाळीच फुटला होता आणि सुखदेवने खोबरं खाऊनही टाकलं होतं. शेठजी नागपूरला गेले होते. कापूस घ्यायला कोणी नव्हतं, भाव सांगायला कोणी नव्हतं. हे कळल्यावर चौकात जो गलका झाला, त्यात अणुबॉम्बचा आवाजही विरून गेला असता. "कोण्या येड्यानं वाजोला रे भोंगा?" असं जो तो विचारत होता. देवीदास गुडघ्यातून डोकं न काढता हात वर करत होता. निदान तेवढं तरी खरं सांगावं, असं त्याला वाटलं.

यशवंतराव जवळ येऊन हळूच म्हणाले, "सोमकुंवर, नागपूर रिकामं करायचं ठरलं होतं. तुम्ही तं आसपासची सारी खेडी रिकामी करून टाकली!"

दिवस चढला. उन्हात माणसं तहानलेली, बैल जिभा काढून उभे. साहेबांनी घड्याळाकडे न पाहता देवीदासकडे पाहिलं आणि म्हणाले, "अब इनको पानी तो पिलाइए." देवीदास उठला, टाकीकडे गेला आणि व्हॉल्व उघडला. त्या दिवशी त्याने केलेलं एवढं एकच काम बरोबर झालं, आणि ते तो रोजच करायचा. पाणी गुरांच्या हाळात आलं, बैल प्याले. दारं उघडली. बायांनी भाकरी आणि ठेचा आणला, शाळा उघडून माणसं सावलीला बसवली. नागपूरची माणसं बनून आलेले होमगार्ड उशिरा पोचले, तर त्यांना बसायला जागा नव्हती. तेही पंगतीत शिरले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नत्थूजींच्या पायाला टाके घातले. म्हणाले, दाबून धरलं म्हणून बरं, नाहीतर रक्त बरंच गेलं असतं. हे ऐकून नत्थूजींनी सुमनला आशीर्वाद दिला आणि तिच्या बापाला शिवी दिली. दोन्ही मनापासून.

संध्याकाळी सुमन ट्रंक भरत होती. देवीदास दाराशी बसला होता. गावातून येणारा-जाणारा "जय भीम, बॉम्बवाले" म्हणत होता आणि तो हात जोडत होता. तो म्हणाला, "सुमन, तुह्या जागी तेथं दुसरी कोणी राहीन ना? कोणी ना कोणी असतेच."

"असन ना बाबा." ती साडीची घडी घालत होती. "पण तिचाही बाप कोठी तरी बसला असनच."

देवीदासने डोळ्यांपुढे पुन्हा तो गोल आणला. आतापर्यंत त्यात एकच पोरगी होती. आता तिच्या शेजारी दुसऱ्या पोरी दिसू लागल्या, खाटेवरचे आजारी दिसू लागले, नत्थूजींसारखे पाय धरून विव्हळणारे, आणि त्यांच्यासाठी डोकं गुडघ्यात घालून बसलेले कितीतरी बाप. गोल होता तिथेच होता, सरकला नाही.

वत्सला आतून म्हणाली, "मंग? उद्या कोनती अमावास्या हाय?"

"उद्या सोमवार हाय," देवीदास म्हणाला. "पयल्या बसनं जाईन पोरगी."

सकाळी तो तिला स्टँडवर घेऊन गेला. रस्ताभर त्याने पाठ केलं होतं, की उजेड दिसला तर खिडकीकडे पाहायचं नाही, भिंतीला लागून झोपायचं, उघडं पाणी प्यायचं नाही. सुमन खिडकीशी बसली. तो खाली उभा राहून वर पाहत होता आणि पाठ केलेलं सगळं त्याच्या ओठांवर होतं.

"काय म्हणता बाबा?"

"काही नाई. मेसच्या भातात खडे राहतात म्हणते तू. सावकाश खात जा."

"होय बाबा."

कंडक्टरने घंटी वाजवली. बस नागपूरच्या रस्त्याला लागली. देवीदास तिथेच उभा राहिला. भीती काही गेली नव्हती. होती तेवढीच होती, फक्त आता ती त्याला एकट्यालाच बाळगायची होती. छिंदवाड्याची बस येऊन उभी राहिली आणि तिच्या कंडक्टरने विचारलं, "कोठी जायचं हाय काका? चढा लवकर."

"कोठीच नाई," देवीदास दचकून म्हणाला. "पाणी सोडाचं राहिलं." आणि तो टाकीकडे धावला.